आधी ऐकावे, मग करार करावा: नव्या वर्षातील आध्यात्मिक नवीकरणासाठी मार्गदर्शन

एकतीस डिसेंबरच्या रात्री अनेक मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत वर्षअखेरीची उपासना भरते. गायन होते, काही जण सरत्या वर्षाची साक्ष देतात, बाराच्या ठोक्याला सारे गुडघ्यांवर असतात आणि नंतर हस्तांदोलन, केक आणि चहा होऊन माणसे घरोघर परततात. त्या रात्री मनात निश्चयांची दाटी होते: रोज पहाटे उठून प्रार्थना करीन, वर्षभरात संपूर्ण पवित्र शास्त्र वाचून काढीन, राग सोडीन, दशांश (मिळकतीचा दहावा हिस्सा) देणे चुकवणार नाही. जो नुकताच विश्वासात आला आहे किंवा बऱ्याच वर्षांनी मंडळीकडे परतला आहे, त्याचा उत्साह तर अधिकच असतो. संक्रांतीपर्यंत यांतले बरेचसे निश्चय मागे पडतात आणि ‘आपल्याला हे जमण्यासारखे नाही’ एवढी खंत मात्र वर्षभर पुरते. माझ्या मते येथे दोष इच्छाशक्तीचा कमी आणि क्रमाचा अधिक असतो. आपण वचन देण्यापासून सुरुवात करतो. शास्त्रात मात्र वचन देणे ही जवळजवळ शेवटची पायरी आहे.

हा क्रम नीट पाहायचा असेल तर जुन्या करारातील नहेम्याच्या पुस्तकातील आठ ते दहा हे अध्याय आणि त्यांना जोडून तेरावा अध्याय एका बैठकीत वाचावा. बाबेलच्या (बॅबिलोनच्या) बंदिवासातून परतलेले लोक सातव्या महिन्याच्या पहिल्या दिवशी, म्हणजे ज्या दिवशी यहुदी लोक आजही नववर्ष पाळतात त्या दिवशी, यरुशलेमेत पाणीवेशीसमोरच्या चौकात जमले. एज्रा शास्त्री लाकडी मंचावर उभा राहिला आणि त्याने पहाटेपासून दुपारपर्यंत नियमशास्त्र वाचून दाखवले. लेवी, म्हणजे मंदिराच्या सेवेला नेमलेल्या वंशाचे लोक, त्याचा अर्थ समजावून देत होते. ऐकता ऐकता लोक रडू लागले, तेव्हा त्यांना सांगण्यात आले की आज शोक करू नका, जा, गोडधोड खा-प्या आणि ज्यांच्या घरी काही तयार नाही त्यांना वाटे पाठवा. पुढे मांडवांचा सण झाला. पापांची सामुदायिक कबुली त्याच महिन्याच्या चोविसाव्या दिवशी झाली, आणि त्यानंतरच करार लिहून त्यावर शिक्के उठवण्यात आले. ऐकणे, आनंद, कबुली आणि मग करार, असा हा क्रम आहे आणि त्याला तीन आठवड्यांहून अधिक काळ लागला आहे. नवख्या विश्वासणाऱ्याने जानेवारी महिना याच क्रमाने घालवावा, आणि पहिले तीन आठवडे देवाला कोणतेही नवे वचन देऊ नये, असे मी आग्रहाने सुचवीन.

पहिले तीन आठवडे: ऐकणे

मराठीत आपण जे पवित्र शास्त्र वापरतो त्यात ६६ पुस्तके आणि १,१८९ अध्याय आहेत. कॅथोलिक आवृत्तीत पुस्तकांची संख्या ७३ आहे. वर्षभरात सारे वाचायचे म्हटले तर दिवसाला तीन-चार अध्याय होतात. उत्पत्तीचे ५० आणि निर्गमाचे ४० अध्याय या वेगाने जानेवारीच्या अखेरीस संपतात आणि वाचक नेमका त्याच सुमारास लेवीयच्या होमबलींच्या आणि कुष्ठरोगाच्या नियमांपाशी येऊन थबकतो. अनेकांची वाचनयोजना येथेच थांबते. म्हणून पहिल्या वर्षी हा मार्ग घेऊ नये. नव्या कराराचे २६० अध्याय आहेत. आठवड्याचे पाच दिवस रोज एक अध्याय वाचला तर ते बरोबर ५२ आठवड्यांत पूर्ण होतात, आणि दर आठवड्याला राहिलेले भरून काढण्यासाठी दोन दिवस हाताशी उरतात. सुरुवात मार्ककृत शुभवर्तमानापासून करावी, कारण ते सर्वांत आटोपशीर असून त्याचे सोळा अध्याय साधारण तीन आठवड्यांत संपतात.

वाचनयोजनांचा विषय निघाला म्हणून सांगतो. वर्षभराच्या ज्या योजना आज मोबाइलवर फिरतात, त्यांतील एक अत्यंत प्रसिद्ध योजना स्कॉटलंडमधील डंडी येथील पाळक रॉबर्ट मरे मॅकचेन यांनी १८४२ सालच्या अखेरीस आपल्या मंडळीसाठी आखली होती. तिच्यात रोज सुमारे चार अध्याय येतात आणि वर्षात नवा करार व स्तोत्रे दोनदा वाचून होतात. पण मंडळीला ही योजना कळवणाऱ्या पत्रातच त्यांनी तिचे धोकेही मोजून दाखवले होते: वाचन हा नुसता उपचार होऊन बसेल, काहींना ठरलेला पाठ संपवल्याचाच अभिमान वाटेल, काही जण मन न लावता वाचतील आणि काहींना ते जोखड पेलवणार नाही. योजना आखणाऱ्यानेच जे सांगून ठेवले, ते आपण सहसा वाचत नाही.

वाचण्याची पद्धत साधी ठेवावी. वेळ आणि जागा एकच असावी. पंधरा ते वीस मिनिटे पुरतात. अध्याय एकदा मोठ्याने आणि एकदा मनात वाचावा. मग वहीत तीन गोष्टी लिहाव्यात: येथे प्रभूविषयी काय कळते, माणसे कशी वागतात आणि आज मला काय ऐकू आले. उदाहरणार्थ, मार्कच्या पहिल्या अध्यायात संध्याकाळी सूर्य मावळल्यावर सारे गाव दाराशी जमते आणि येशू अनेकांना बरे करतो. दुसऱ्या दिवशी अंधार असतानाच तो उठून एकांतात प्रार्थनेला जातो. शिमोन आणि सोबती त्याला शोधून काढून सांगतात की सारे तुम्हाला शोधत आहेत, आणि तो उत्तर देतो की आपण दुसऱ्या गावांत जाऊ. एखाद्याने त्या दिवशी वहीत एवढेच लिहिले तरी चालेल: ‘लोकांची मागणी असूनही प्रभू थांबला नाही. काय करायचे हे त्याला गर्दीतून नव्हे तर प्रार्थनेतून कळले. माझा दिवस मात्र फोनवरच्या निरोपांनी ठरतो.’ या टिपणात अजून कसलाही निश्चय नाही, आणि तो या टप्प्यावर नसावाच.

कोणते भाषांतर घ्यावे, हा प्रश्न नवखे नेहमी विचारतात. उपासनेत बहुतेक प्रॉटेस्टंट मंडळ्या बायबल सोसायटीची जुनी, भारदस्त आवृत्ती वाचतात. तिची एक प्रत घरी असावीच, म्हणजे रविवारी कानावर पडणारे शब्द परके वाटत नाहीत. तिचे मराठी जड वाटत असेल तर सोबत सोप्या भाषेतील आवृत्ती ठेवावी. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’ला २०१३ सालचा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला आहे आणि ते आजच्या मराठीत, टिपांसह वाचता येते. पंडिता रमाबाईंनी तर केडगावच्या मुक्ती सदनातील स्त्रियांना समजावे म्हणून मूळ भाषांवरून साध्या मराठीत संपूर्ण बायबल उतरवले. १९२२ साली त्यांचे निधन झाल्यावर १९२४ मध्ये ते प्रसिद्ध झाले. शास्त्र कळेल अशा भाषेत वाचण्यात काही कमीपणा नाही.

येथे वर्षवचनाविषयीही लिहिले पाहिजे. नव्या वर्षाच्या उपासनेत ताटातून किंवा टोपलीतून वचनाची चिठ्ठी उचलण्याची प्रथा अनेक मंडळ्यांत आहे. प्रथा वाईट नाही. जर्मनीतील हर्नहुट येथील मोरेवियन मंडळी १७३१ सालापासून दर वर्षी चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या दैनिक वचनांचे पुस्तक छापत आली आहे. अडचण चिठ्ठीची नसून ती तेवढीच वाचण्याची आहे. यिर्मया २९:११ हे वचन पुष्कळांना मिळते: देवाचे संकल्प हिताचे आहेत, अनिष्टाचे नाहीत. बढतीची किंवा व्हिसाची वाट पाहणाऱ्याला ते आपल्यासाठीच लिहिल्यासारखे वाटते. पण तो अख्खा अध्याय म्हणजे बाबेलात नेलेल्या बंदिवानांना धाडलेले पत्र आहे. त्यात आधी सांगितले आहे की तेथेच घरे बांधा, बागा लावा, मुलाबाळांची लग्ने करा आणि ज्या नगरात तुम्हाला नेले त्या नगराच्या कल्याणासाठी प्रार्थना करा. आणि अकराव्या वचनाच्या अगदी आधी, दहाव्यात, सुटकेला सत्तर वर्षे लागतील असे आहे. ज्यांनी हे पत्र प्रथम ऐकले त्यांतील बहुतेकांना परतीचा दिवस दिसणार नव्हता. तेव्हा चिठ्ठी मिळाल्यावर त्याच दिवशी संपूर्ण अध्याय वाचावा आणि वहीच्या पहिल्या पानावर वचनासोबत ते कोणाला व कोणत्या प्रसंगी सांगितले होते तेही लिहून ठेवावे. वचन त्याने लहान होत नाही, उलट वर्षभर पुरते.

सरत्या वर्षाचा हिशेब

नहेम्याच्या काळच्या लोकांना कबुलीआधी जेवायला बसवले गेले, हे विसरू नये. आपल्याकडे आत्मपरीक्षण म्हटले की माणूस थेट पापांच्या यादीकडे वळतो. त्याऐवजी भिंतीवरचे जुने कॅलेंडर रद्दीत टाकण्यापूर्वी ते मांडीवर घेऊन बसावे. चौकटींत गॅस सिलिंडर लावल्याच्या तारखा असतात, दुधाचे खाडे असतात, दवाखान्याच्या वेळा, मुलांच्या परीक्षा आणि कोणाच्या तरी अंत्यविधीची नोंद असते. एकेक महिना उलटावा आणि प्रत्येक महिन्यासाठी निदान एका गोष्टीबद्दल देवाचे नाव घेऊन आभार मानावेत. एखादा महिना असा निघेल की ज्यासाठी आभाराचा शब्द फुटणार नाही. तेथे खोटे आभार मानू नयेत. स्तोत्रसंहितेत तक्रारीची स्तोत्रे भरपूर आहेत, त्यांपैकी तेरावे किंवा अठ्ठ्याऐंशीवे तेथे वाचावे आणि पुढे जावे. अठ्ठ्याऐंशीवे तर अंधारातच संपते, तरीही ते शास्त्रात आहे.

या टप्प्याचा शेवट वाटा पाठवण्याने करावा. ज्याच्या घरी यंदा नाताळचा फराळ झाला नाही अशा एका घरी काहीतरी पोहोचवावे. त्याचा फोटो काढू नये.

कबुली आणि भरपाई

तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास कबुलीकडे वळावे. एक्कावन्नावे स्तोत्र गुडघ्यांवर वाचावे. नाथान संदेष्ट्याने दावीद राजाला त्याचा गुन्हा तोंडावर सांगितल्यानंतरचे हे स्तोत्र आहे, आणि त्यात तो नव्या, शुद्ध हृदयाची याचना करतो. कबुली नेमकी असावी. ‘मी पापी आहे’ असे म्हणणे फार सोपे असते, कारण त्यात काहीच सांगितलेले नसते. ‘भावाला न विचारता आईच्या खात्यातून पैसे काढले’ असे म्हणताना जीभ अडखळते. कॅथोलिक वाचकांसाठी यासाठी प्रायश्चित्ताचा संस्कार आहे आणि नव्या वर्षाआधी किंवा नंतर तो घ्यावा. इतरांनी देवाजवळ एकांतात, आणि मन मोकळे होत नसेल तर पाळकांजवळ किंवा एखाद्या प्रौढ, गुप्तता राखणाऱ्या विश्वासणाऱ्याजवळ कबुली द्यावी. मंडळीसमोर साक्ष देताना स्वतःविषयी बोलावे. सासूचे, सुनेचे किंवा माजी भागीदाराचे पाप साक्षीच्या नावाखाली चव्हाट्यावर आणू नये.

मत्तय ५:२३-२४ मध्ये प्रभू सांगतो की वेदीपाशी अर्पण आणल्यावर आपल्या भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले तर अर्पण तेथेच ठेवून आधी समेट करावा. गावाकडच्या घराच्या किंवा बांधाच्या वादातून वर्षानुवर्षे बोलणे बंद असलेली भावंडे आपल्या मंडळ्यांत कमी नाहीत. पहिला फोन करताना लांबलचक स्पष्टीकरण देऊ नये. ‘दादा, मी बोलतोय. जमिनीचं नंतर पाहू. त्या दिवशी मी वहिनींसमोर तुम्हाला जे बोललो ते चुकलं, त्याची माफी मागायला फोन केलाय,’ एवढे पुरे होते. पलीकडून फोन ठेवला गेला तरी आपला भाग झाला. जेथे पैशाची फसवणूक झाली आहे तेथे मात्र शब्द पुरत नाहीत. जक्कय नावाच्या जकातदाराने अर्धी मालमत्ता गरिबांना देऊ केली आणि ज्यांचे अन्यायाने घेतले त्यांना चौपट परत करण्याचे कबूल केले, हे लूकच्या एकोणिसाव्या अध्यायात आहे.

याला एक मर्यादा आहे आणि ती स्पष्ट लिहिणे मला आवश्यक वाटते. जो मारहाण करतो किंवा ज्याने अत्याचार केला आहे, त्याच्याकडे समेटासाठी एकट्याने परत जावे अशी अपेक्षा शास्त्र करत नाही, आणि कोणी पाळक तसा आग्रह धरत असतील तर तो मानू नये. क्षमा मनात करता येते. सुरक्षित अंतर तरीही ठेवता येते.

करार लिहिताना

आता कोठे वचन देण्याची वेळ येते. मेथडिस्ट पंथाचे प्रवर्तक जॉन वेस्ली यांनी आपल्या लोकांसाठी कराराच्या नवीकरणाची उपासना ११ ऑगस्ट १७५५ रोजी लंडनच्या स्पिटलफील्ड्स भागात घेतली, तेव्हा सुमारे १,८०० लोक हजर होते. पुढे ही उपासना वर्षारंभाला जोडली गेली आणि आजही अनेक मेथडिस्ट मंडळ्यांत ती वर्षाच्या पहिल्या रविवारी होते. तिच्यातील प्रार्थनेचा आशय असा आहे की मी आता माझा राहिलो नाही, प्रभू, तुझा आहे. मला कामाला लाव किंवा दुःख सोसायला लाव, उपयोगात घे किंवा बाजूला ठेव, भरलेला ठेव किंवा रिता ठेव. ही प्रार्थना तोंडातून निघायला अवघड आहे आणि तशीच असायला हवी. आपल्या मंडळीत अशी उपासना असेल तर तीत जरूर सहभागी व्हावे, कारण तेथे आपण मंडळीचा एक भाग म्हणून बोलतो. स्वतःची कलमे मात्र जानेवारीच्या अखेरीस लिहावीत.

कलमे कशी असावीत, हे नहेम्याच्या दहाव्या अध्यायात दिसते. ‘आम्ही अधिक भक्तिमान होऊ’ असे तेथे कोणी लिहिलेले नाही. शब्बाथाच्या, म्हणजे विश्रांतीच्या, दिवशी आलेल्या व्यापाऱ्यांकडून माल घेणार नाही, मंदिराच्या सेवेसाठी वर्षाला एक तृतीयांश शेकेल देऊ, वेदीसाठी लाकूड कोणत्या घराण्याने कधी आणायचे ते चिठ्ठ्या टाकून ठरवू, अशी ती कलमे आहेत. रविवारी संध्याकाळी ‘झाले’ किंवा ‘नाही झाले’ असे एका शब्दात ज्याचे उत्तर देता येईल, तेच कलम लिहावे. अशी कलमे तीनपेक्षा अधिक नसावीत: एक वाचन व प्रार्थनेचे, एक घरातल्या किंवा शेजारच्या माणसाविषयीचे आणि एक पैशाचे. ‘सोमवार ते शुक्रवार चहाआधी एक अध्याय’, ‘दर बुधवारी बाबांना फोन’, ‘पगार झाल्याच्या दिवशीच दान वेगळे काढणे’, ही चांगली कलमे आहेत. उपवास ठेवायचा असेल तर एका जेवणापासून सुरुवात करावी. मधुमेह असलेल्यांनी किंवा गरोदर स्त्रियांनी तो डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये.

हा करार म्हणजे देवाशी केलेला सौदा नव्हे, हे नवख्याने पक्के ध्यानात घ्यावे. मी इतके अध्याय वाचीन आणि तू मुलाला नोकरी दे, असा व्यवहार शुभवर्तमानात बसत नाही. नवा करार ख्रिस्ताने आपल्या रक्ताने आधीच केला आहे (लूक २२:२०). आपण फक्त त्यात पुन्हा उभे राहतो. म्हणून वही घेऊन प्रभुभोजनाच्या रविवारी मंडळीत जावे आणि तेथे कलमे प्रभूपुढे ठेवून मगच सही करावी.

सोबत

वर्षारंभाच्या प्रार्थना-सप्ताहाची मुळे आपल्या देशातही आहेत. लुधियाना येथील मिशनऱ्यांनी १८५८ साली जगभरच्या ख्रिस्ती लोकांना आवाहन केले की जानेवारी १८६० मधील एक आठवडा एकत्र प्रार्थनेसाठी राखावा, आणि ते अनेक देशांत उचलले गेले. १८ ते २५ जानेवारी या काळात ख्रिस्ती ऐक्यासाठी प्रार्थनेचा आठवडा असतो. यांपैकी आपल्या गावात जे होत असेल त्याला निदान दोन-तीन संध्याकाळी जावे. १९०५ च्या जानेवारीत केडगावला पंडिता रमाबाईंनी रोजच्या प्रार्थनेसाठी स्वेच्छेने कोण येईल असे विचारले, तेव्हा सुमारे ७० मुली पुढे आल्या. जूनपर्यंत ती संख्या साडेपाचशेच्या आसपास गेली आणि जूनच्या अखेरीस तेथे मोठे आत्मिक जागरण झाले. त्या जागरणाच्या कथा पुष्कळ सांगितल्या जातात. त्याआधीचे रोजचे जमणे सहसा कोणी सांगत नाही.

घरात कौटुंबिक प्रार्थना सुरू करायची तर दहा मिनिटांवर नेऊ नये. नारायण वामन टिळकांचे एखादे पद किंवा अभंग, चार-पाच ओळींचे वाचन, प्रत्येकाची एका वाक्याची प्रार्थना आणि ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ एवढे पुरते. लहान मुलाने शाळेतल्या मांजरीसाठी प्रार्थना केली तर तीही ‘आमेन’ म्हणून स्वीकारावी. वाचन आळीपाळीने सर्वांकडे जावे, घरातल्या कर्त्या पुरुषाकडेच राहू नये. मुले पुण्याला, दुबईला किंवा मेलबर्नला असतील तर आठवड्यातून एकदा व्हिडिओ कॉलवर हेच करता येते. ज्याच्या घरात तो एकटाच विश्वासात आहे त्याने घरच्यांवर सक्ती करू नये. त्याने मंडळीतील एक सोबती निवडावा, पुरुषाने पुरुष आणि स्त्रीने स्त्री, आणि दर रविवारी उपासनेनंतर पाच मिनिटे एकमेकांना तीन कलमांविषयी विचारावे.

खंड पडल्यावर

नहेम्याचा तेरावा अध्याय यासाठीच वाचायचा. नहेम्या काही काळ राजाकडे गेला आणि परत येऊन पाहतो तो काय, लेव्यांचे वाटे थकले आहेत आणि ते आपापल्या शेतांवर निघून गेले आहेत, शब्बाथाच्या दिवशी द्राक्षकुंडे तुडवली जात आहेत, सोर नगराचे लोक मासे आणून विकत आहेत. शिक्के मारून लिहिलेली कलमे एकेक करून मोडलेली होती. नहेम्या रागावला, पण त्याने नवा मोठा करार लिहवला नाही. जे मोडले होते तेवढेच त्याने पुन्हा जागेवर आणले.

म्हणून सात दिवस वाचन चुकले तर सात अध्याय एका बैठकीत उरकू नयेत. ज्या दिवशी आठवण होईल त्या दिवसाचा अध्याय उघडावा आणि पुढे जावे. एखादे कलम सलग चार आठवडे ‘नाही झाले’ असेच येत असेल तर ते लहान करावे किंवा सोबत्याशी बोलून बदलावे. वेस्ली यांची ती पहिली उपासना ऑगस्टमध्ये झाली होती, तेव्हा जानेवारी हुकला म्हणून पुढच्या जानेवारीची वाट पाहण्याचे कारण नाही. मंडळीच्या वर्षात लवकरच दुसरे दार उघडते: राखेचा बुधवार ४ फेब्रुवारी ते १० मार्च यांच्या दरम्यान केव्हातरी येतो आणि तेथून रविवार वगळून चाळीस दिवसांचा उपवासकाळ सुरू होतो. त्याच्या आदल्या रविवारी वही काढावी, सोबत्याबरोबर तिन्ही कलमे वाचावीत आणि त्यांतले कोणते ठेवायचे, कोणते लहान करायचे, हे पेन्सिलीने तेथेच लिहून टाकावे.